तात्यांनी टांगून दिलेले दार

मोशीच्या तात्या मिस्त्रींची एकसष्टी आहे, गौरवग्रंथासाठी चार ओळी लिहून द्या, असा आपल्या छोट्या कारखानदार मंडळींचा निरोप आला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. हिशेबाच्या वहीपलीकडे काही लिहिलेले नाही. पण तात्यांविषयी नाही म्हटले असते, तर देवापुढे उभे राहायला तोंड उरले नसते.

यांनी कंपनीतली नोकरी सोडून भोसरीला शेड घेतली, दोन लेथ बसवले, तेव्हा तात्यांची ओळख झाली. एका मोठ्या कंपनीने पितळेचे भाग कातून द्यायचे काम देऊ केले होते. पितळ त्यांचे, तेव्हा तिथल्या साहेबांची अट एकच, दार पक्के हवे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः बघायला येणार होते. दार पसंत पडले नाही तर काम दुसरीकडे जाणार, आणि नोकरी तर सुटलेली. जुन्या दाराचा भरवसा नव्हता म्हणून हे रोज शेडमध्येच झोपत. घर आणि शेड यांत आमचा संसार वाटला गेला होता.

टेंपो आत यायचा म्हणजे दार बारा फूट रुंद. तात्या स्वतः रोलिंग शटर बनवून विकत. तरी एवढ्या रुंदीचे शटर तुम्हाला झेपणार नाही, सरकते दार करा, असे त्यांनीच सांगितले. मी सागवानाचे नाव काढले तर म्हणाले, “वहिनी, दिवाणखाना हाय का ह्यो?” परदेशी यंत्रे ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या त्यांनी भंगारवाल्याकडून निवडून आणल्या. एकेक बोटाने ठोकून बघितली, निम्म्या परत केल्या. बाहेरून पातळ पत्रा. चौकटीचे अँगल मात्र नवे आणि जाड. तिथे मी घासाघीस करू लागले, तर ते शांतपणे म्हणाले, “पत्रा म्हंजी अंगावरचा सदरा. त्यो पातळ चालंल. हाडं पातळ न्हाई चालत.”

कुलूप मोठे घ्यावे असे मला वाटे. त्यांनी मला आपल्या कारखान्यात नेले आणि कुलूप लावलेले एक सरकते दार पहारीने उचलून रुळावरून अलगद उतरवून दाखवले. चोर कुलपाकडे बघत नाही, दार उचलून निघते का ते बघतो, हे मी त्या दिवशी शिकले. आमच्या दाराला त्यांनी वरून अशी अडण घातली, की उचलायला बोटभरही जागा उरली नाही.

एका गोष्टीत मात्र मी त्यांचे ऐकले नाही. दार वरच्या तुळईला टांगावे असे ते म्हणत होते. तुळईचा खर्च मला जड वाटला. मग जमिनीत खाच करून, तीत रूळ बसवून दार चाकांवर उभे केले.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. दाराला उंबरा नाही, म्हणून मी त्या खाचेलाच उंबरा मानले. हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, झेंडू घातला आणि नारळही तिथेच फोडला. निघताना दार लावायला गेलो तर ते मध्येच अडले. करवंटीचा तुकडा चाकाखाली गेला होता. यांनी जोर लावला तशी चाके वाकून रुळावरून घसरली आणि दार चार फूट उघडे, तिरपे होऊन बसले. साहेब यायला मधला एक दिवस.

निरोप धाडला, पण मला धीर नव्हता. त्या दिवशी पुजलेले हत्यार कोणी उचलत नाही. तात्या जेवणावरून उठून आले. वाकून खाचेत बघितले. मी मान खाली घालून उभी. त्यांनी वहाणा बाजूला काढल्या, आधी फुले वेचून पानावर ठेवली, मग करवंटी काढली.

“चूक माझी हाय, वहिनी,” ते म्हणाले. “बाई मानूस दारात पूजा करनार, हे मला ठावं पायजे व्हतं. उंबऱ्याच्या जागी मी खड्डा ठिवला.”

मग त्यांनी विचारले, “हत्यार पुजलंय सकाळी. तुमी सांगा, उचलू का?”

व्रतवैकल्यांत मी कधी सूट घेतलेली नाही. पण तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, “उचला तात्या. देव बघतोय.”

त्यांच्या अंगणात एक जुनी तुळई पडून होती. ती त्यांनी बैलगाडीत घालून आणली आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत दार वरून टांगले. खाच बुजवून तिथे शहाबादी फरशीची पट्टी बसवली. जाताना मला एवढेच म्हणाले, आता खुशाल पूजा करा.

साहेब आले. त्यांनी दार एका हाताने सरकवले, उचलून पाहिले, पहार मागवून पाहिले. मग चहा घेतला आणि पितळ कधी पाठवू असे विचारले. हे नुसते दाराला टेकून उभे राहिले.

पुढच्या एकादशीला शेड बंद करून आम्ही दोघे मिळून आळंदीला गेलो. शेड घेतल्यापासून दोघांनी एकाच वेळी कुठे जाणे झाले नव्हते. रांगेतून समाधीपुढे आले तेव्हा ध्यानात आले, की सकाळपासून दाराचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

वेल्डिंगच्या उजेडाने तात्यांचे डोळे हल्ली पाणावतात, असे ऐकते. माउलींनी त्या डोळ्यांना तेज द्यावे, हातापायांत बळ ठेवावे आणि त्यांना शंभरी दाखवावी. भोसरीतल्या कितीतरी कुटुंबांना दाराच्या राखणीतून ज्यांनी सोडवले, त्या तात्यांना स्वतःच्या घरी रोज निर्धास्त झोप लागो, एवढेच मागणे.