आमचीही घरं मोजली

आमचं आडनाव एका गावावरून पडलेलं. त्या गावात दुष्काळ पडला तेव्हा माणसं उठली आणि खटाव, कडेगाव, लोणंद, जिथं पोट भरेल तिथं थांबली. नव्या ठिकाणी लोक त्यांना जुन्या गावाच्या नावानं हाक मारू लागले. वेशीच्या आत राहणाऱ्यांना तेच नाव, बाहेरच्यांनाही तेच. आम्ही बाहेरचे. म्हणून आज सातारा-सांगलीत हे आडनाव दोन जातींत आहे. माझ्या आबांना, म्हणजे वडिलांना, हे त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं आणि आबा ते फार कौतुकानं सांगत.

गेल्या उन्हाळ्यात आडनावाच्या मंडळाचे दोघे जण आबांकडे वडूजला आले. कुठल्या तालुक्यात आपली किती घरं आहेत ते त्यांना गोळा करायचं होतं. आबा फौजेतून निवृत्त झालेले, घर पक्कं. त्या दोघांनी जात विचारली नाही, आबांनी सांगितली नाही. उलट चहा पाजला आणि फोन लावून लावून लोणंदपर्यंतचे सगळे भाऊबंद लिहून दिले.

मग सांगलीच्या मेळाव्याचं निमंत्रण आलं. मी सांगलीतच शिकवते. आबा पहाटेच्या एसटीनं आले, इस्त्रीचा सदरा आणि पलटणीची टोपी घालून. हॉलच्या दारात दोन्ही जिल्ह्यांचा मोठा नकाशा लावला होता. जिथं आडनावाची घरं तिथं भगवा ठिपका आणि खाली एकूण घरांचा आकडा. आबांनी वडूजवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो बघ, आपला."

नोंदणीच्या टेबलावर एकानं विचारलं, "देवक कोणतं तुमचं?"

आबांनी सांगितलं. ते त्यांच्या कुळांच्या देवकांत नव्हतं; त्यानं मान वर केली. "वडूजमध्ये राहायला नेमके कुठं?"

"आता नव्या वसाहतीत हाय. पहिलं वेशीभाईर हुतो."

तो उठला आणि एका वयस्कर पदाधिकाऱ्याला घेऊन आला. त्यानं आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, गैरसमज करून घेऊ नका. आडनाव सारखं असलं तरी कूळ वेगळं असतं. हा कुळाचा कार्यक्रम आहे. पण आलाच आहात, तर जेवून जा."

जेवून जा! माझ्या डोक्यात सणक गेली. "मग नकाशावरची आमची घरं काढा," मी म्हणाले.

"ताई, ते आता छापून झालंय. आणि आकडा मोठा दिसला तर आपल्याच आडनावाला फायदा ना? पुढं तिकीट मागायचं असतं."

"आकड्यात आम्ही तुमचे, आणि खुर्चीवर बसायला गेलो की कूळ वेगळं?"

माझा आवाज चढला होता. लोक बघायला लागले. आबा म्हणाले, "गप." आणि सरळ आत जाऊन तिसऱ्या रांगेत बसले. मीही दात खात शेजारी बसले. कुणी उठवलं नाही, पण आमच्या बाजूच्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. व्यासपीठावर एक जण आपले मूळ पुरुष उत्तरेतून घोड्यावर बसून कसे आले ते सांगत होता. दुष्काळाचं नावही नाही. माणसं भुकेनं चालत आली हे सांगायची यांना लाज वाटते! टाळ्या पडत होत्या. आबा ताठ बसून होते. नंतर ते पंगतीला बसून पोटभर जेवले. मी पाण्यालाही शिवले नाही.

स्टँडवर मी त्यांच्यावरच उखडले. "जेवलात कशाला त्यांचं?"

"भूक लागली हुती."

"आबा!"

"मी उठून गेलो असतो, तर त्यास्नी लय बरं वाटलं असतं. म्हनून न्हाई गेलो."

मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. मला तो नकाशा फाडायचा होता.

घरी गेल्यावर आबांनी, ज्यांची नावं लिहून दिली होती, त्या प्रत्येकाला फोन करून सगळं सांगितलं. लोणंदच्या चुलतभावानं मंडळाला आमची घरं वगळायला कळवलं, तर त्याला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनच काढून टाकलं. घरं मात्र वगळली नाहीत. परवा मंडळाच्या एका इच्छुकाचा बोर्ड कडेगावच्या चौकात मी पाहिला. समाजाची ताकद म्हणून त्यावर तोच आकडा होता. बस चौकात थांबली तेवढ्या वेळात उभ्या उभ्या मी तो पुन्हा पुन्हा वाचला. त्यात माझे आबा आहेत.