आलिंग सिद्राचा जुना नंबर

लुक्बान गावात बाईच्या डोक्यावर पांढरे केस दिसू लागले की तिच्या नावाआधी आलिंग लावतात. सिद्राला मात्र ते केस काळे असल्यापासून लागलं होतं, कारण तिच्याशी साध्या नावानं बोलायची कुणाची छाती होत नव्हती. चौकात ती शेवयांचं पान्सित विकायची. केळीच्या पानावर वाढायची, वर व्हिनेगरचा शिडकावा करायची आणि एखाद्या पाहुण्यानं काटा मागितला तर त्याच्याकडे अशी बघायची, की तो बिचारा मुकाट्यानं पानच तोंडाला लावायचा.

अशी ही बाई टेलिफोनला भ्यायली.

झालं काय, फोन कंपनीनं कळवलं की गल्लीतल्या तांब्याच्या तारा आता काढणार. घरात फोन हवा असेल त्यानं इंटरनेटवरचा घ्यावा. गल्लीत असे फोन उरले होतेच किती! सिद्राचा खिडकीपाशी असायचा, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला, देव्हाऱ्यातल्या सांतो निन्यो या बाळयेशूपेक्षाही जास्त पुसलेला. वर्षभर त्यावर यायचे ते चुकीचे नंबर नाहीतर लॉटरी लागल्याच्या थापा मारणारे भामटे. आणि पंधरा मेला, सान इसिद्रोच्या सणाला, यायचा देल्फिनचा फोन.

देल्फिन तिचा एकुलता एक मुलगा. बापाची प्रवासी जीप त्यानं न विचारता विकली आणि पैसे मनिलात उडवले. बापाला झटका आला, तो त्यातून उठला नाही. शवपेटी दिवाणखान्यात, अंगणात जागरणाला जमलेले लोक पत्ते खेळताहेत, आणि देल्फिन दारात येऊन उभा राहिला. सिद्रा बोलली, तेव्हा पत्ते खेळणाऱ्यांनी हातातले डाव खाली ठेवले.

"या दारात परत पाऊल टाकू नकोस."

आयुष्यात आईचं एकही वाक्य न ऐकलेल्या पोरानं नेमकं तेवढं ऐकलं. खोल समुद्रातल्या मासेमारीच्या बोटींवर गेला. गावात कुणाशी बोलणं नाही, मित्राला चिठ्ठी नाही, चुलत भावाला निरोप नाही. फक्त आईच्या, म्हणजे इसिद्राच्या, नावाच्या संताचा सण आला की कुठल्यातरी बंदरावरून तो घरचा जुना नंबर फिरवायचा.

"नानाय, बरी आहेस?"

"बरी आहे. जेवलास?"

"जेवलो."

 मग फोन बंद. 'ये' हा एवढासा शब्द, पण दरवर्षी तो सिद्राच्या घशापर्यंत यायचा आणि ती तो गिळायची. गेल्या वर्षी फोन ठेवताना तो म्हणाला होता, "नानाय, पुढच्या वर्षी एक विचारीन म्हणतोय."

"आत्ताच विचार की."

"नको. पुढच्या वर्षी."

काय विचारणार ते तिला ठाऊक होतं. तेव्हापासून ती शेवया परतताना तोंडातल्या तोंडात 'ये' म्हणायचा सराव करत होती. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारी आपल्यालाच बोलावतेय. धंदा वाढला.

म्हणून तारा काढणार म्हटल्यावर ती भ्यायली. देल्फिनपाशी तिचा पत्ता म्हणून जगात एवढेच आकडे होते.

चौकापलीकडे तास्योचं दुकान. मोबाईल दुरुस्ती, इंटरनेट जोडणी आणि फावल्या वेळात कोंबड्यांची झुंज, असे त्याचे तीन व्यवसाय. सिद्रा शेजारच्या पुरिंगला घेऊन तिथं गेली. तास्योनं आधी कंपनीचं मोठं पॅकेज पुढे केलं.

"यात टीव्हीचे शंभर चॅनल येतात, आलिंग."

"चॅनल राहू देत. नंबर तोच राहील का?"

"राहील. पण नवा घेतलात तर बराच स्वस्त पडेल."

"नवा घेऊन काय तुला फोन करू? तुला तर मी चौकातून हाक मारते, तरी तू येत नाहीस."

पुरिंगला राहवेना. "अगं सिद्रा, त्यापेक्षा मोबाईल घे. फुकट बोलता येतं, वर समोरच्याचं तोंडही दिसतं."

"तुझं तोंड मी रोज फुकटच बघते. हौस फिटली."

शेवटी मधला मार्ग निघाला. साधं इंटरनेट, त्यातलं सगळ्यांत हळू. फोनची स्वस्त योजना, जुन्या नंबरासकट. यंत्रांचंही तसंच. तास्योनं पडद्याचा चकचकीत फोन दाखवला, बिनतारी दाखवला, आणि सगळ्यांत शेवटी नाइलाजानं साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी काढली. अडॅप्टर. जुनाच फोन तिच्यात खोचायचा, तो पूर्वीसारखाच वाजतो. सिद्रानं डबी उचलली, उलटीसुलटी केली, तिचा वाससुद्धा घेतला.

"हीच."

"घ्या. पण एक ऐका. जुन्या फोनला तारेतूनच वीज यायची. आता तुमच्या घरची वीज गेली की फोनही गेला."

आमच्या गावावर बनाहाव डोंगराची कृपा. तो नुसता शिंकला तरी अर्धा दिवस वीज जाते. सिद्राचा चेहरा उतरला. तास्योनं मग बॅटरीचा ठोकळा दाखवला: भिंतीची वीज गेली की हा फोनला आणि राउटरला सांभाळून घेतो. पान्सितमधली चार शेवयांची सूट न देणाऱ्या बाईनं दुकानातली सगळ्यांत मोठी बॅटरी घेतली.

"इतकं ठोकून-बजावून तर मी जावई निवडला नाही," पुरिंग म्हणाली.

"ते दिसतंच आहे," सिद्रा म्हणाली.

जोडणी झाली. तास्योनं दुकानातून फोन करून घंटा वाजवून दाखवली. नंबर तोच, आवाज तोच. जाताना त्यानं बजावलं, "हे प्लग काढायचे नाहीत हं."

सिद्रा हो म्हणाली. पण आमच्या गल्लीत एकदा चालू राहिलेल्या पंख्यानं चार घरं जाळली होती. तेव्हापासून घराबाहेर पडताना प्लग काढणं ही आमच्याकडे सवय नाही, धर्म आहे. फ्रिज, पंखा, भाताचं भांडं, सगळ्यांची शेपटी ओढायची, क्रूस करायचा, मग कुलूप. सिद्रानं बॅटरीचीही शेपटी ओढली. भिंतीची वीज तुटल्याबरोबर ठोकळा टीं-टीं करू लागला. ती परत आली तरी तो टीं-टीं करतच होता, आणि प्लग लावल्यावर गप्प झाला. असंच रोज चाललं.

"एकटं सोडलं की रडतं गं," ती पुरिंगला सांगायची. "तान्ह्या पोरासारखं."

मग पंधरा मे उजाडला. सगळी गल्ली तांदळाच्या रंगीबेरंगी पापड-पानांनी मढली. परगावची माणसं घरंच्या घरं कॅमेऱ्यात भरून नेत होती. सिद्राच्या खिडकीला त्या पानांचं झुंबर होतं, भोपळे होते, लसणीच्या सॉसेजच्या माळा होत्या. सकाळी संताच्या मिरवणुकीला निघताना तिनं प्लग काढले आणि ठोकळा रडू लागला. खिडकीबाहेर परकी माणसं थबकून आत डोकावली. सिद्राला लाज वाटली. सणाच्या दिवशी आपल्या घरातून रडं ऐकू यावं! तिनं चाचपडून ठोकळ्यावरचं बटण दाबलं. तो शांत झाला.

देल्फिन नेहमी दुपारनंतर फोन करायचा. ती त्याआधीच परत आली, सगळे प्लग लावले, क्रोशाचा रुमाल काढून घडी घातली आणि फोनशेजारी बसली. प्लग भिंतीत होता. बटण तिच्या डोक्यातून गेलं होतं.

पुरिंग जेवायला बोलवायला आली. "अगं, उचलून तरी बघ, चालू आहे का."

"नको. मी उचलायला आणि त्याचा यायला एकच गाठ पडली तर? त्याला वाटेल, दुसऱ्या कुणाशी बोलतेय."

तिनं फोनला हात लावला नाही. पानांचं झुंबर लुटायला पोरं आली, ओरडली, गेली. रस्त्यावरचा बँड थांबला. सिद्रा तशीच बसून राहिली. मुक्या फोनशेजारी, त्याला त्रास होऊ नये म्हणून झग्याच्या सळसळीएवढाही आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी पुरिंगनंच आगाऊपणा करून फोन उचलला, त्यात कसलाच आवाज नव्हता, आणि तिचा चेहरा बघून सिद्रा उठली. तास्यो धावत आला. ठोकळ्यासमोर उकिडवा बसला. मग बोट लावलं आणि हिरवा दिवा लागला.

"आलिंग, बटण बंद होतं."

"कोणाकोणाचे फोन आले ते सांगतं का हे?"

"बंद असताना आलेलं याला कळत नाही."

"मग त्याला तिकडे काय ऐकू आलं असेल?"

"रेकॉर्डवरची बाई बोलते. हा नंबर लागत नाही म्हणते."

"त्यानं कदाचित केलाच नसेल," पुरिंग म्हणाली. गल्लीभर जीभ चालवणारी बाई, पण एवढं बोलताना तिची जीभ जड झाली.

"केला असेल," सिद्रा म्हणाली.

पावसाळा अर्धा सरला. एका रविवारी सिद्रा चर्चमध्ये नेहमीच्या जागी, मागच्या खांबाआड बसली होती. मिसेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, सुरुवातीला मृतांची नावं वाचली जातात. वाचणाऱ्या मास्तरांच्या आवाजात कधी चढ नाही, उतार नाही. त्याच आवाजात ते म्हणाले, "इसिद्रा वेर्दान हिच्या आत्म्याच्या शांतीसाठी, मुलाकडून."

आधी पुरिंगनं तिला चिमटा काढला, बहुतेक खात्री करून घ्यायला. मग दोन बाकांवर खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "आलिंग, काल तर पान्सितमध्ये मीठ जास्त होतं, मेल्यावर घातलंस काय?" सिद्राही हसली. सगळ्यांबरोबर हसली, आणि हसता हसता तिचा हात समोरच्या बाकावर घट्ट आवळला गेला.

मिसा संपताच ती चर्चच्या कचेरीत गेली. तिथली कारकून बाई गोरीमोरी झाली. "इसिद्रा म्हणजे तुम्ही, हे ध्यानातच आलं नाही. परवा एक खलाशी आला होता, आलिंग. परगावचा. म्हणाला, बोटीवरच्या मित्रानं मिसेसाठी नाव आणि पैशांचं पाकीट दिलंय. त्याची आई सणाच्या दुपारी घर सोडून कुठं जात नाही, नंबर दिवसभर लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशी बोट सुटली. म्हणजे आई गेलीच असणार, असं तो धरून चाललाय."

"खलाशी कुठला?"

"सांगितलं नाही. बस पकडायची होती. फक्त विचारत होता, रविवारची मिसा इंटरनेटवर दिसते ना? मित्र बोटीवरून बघणार आहे म्हणाला."

"आजची?"

बाईनं होकारार्थी मान हलवली.

सिद्रा खुर्चीत बसली. म्हणजे तासाभरापूर्वी कुठल्यातरी समुद्रात तो तिचं नाव ऐकत होता, आणि ती त्याच छपराखाली खांबाआड बसून हसत होती. आता देल्फिन तो नंबर कशाला फिरवेल? मेलेल्या आईला कोण विचारतं, येऊ का म्हणून?

फादर आत आले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "फादर, पुढच्या रविवारी माझं नाव परत वाचा. जिवंत म्हणून वाचा. आणि शेवटी 'ये' म्हणा."

"आलिंग, मिसेत निरोप वाचत नाहीत."

"मेल्याचा वाचलात ना?"

फादरांनी टेबलावरची वही पुढे ओढली. मग म्हणाले, "आभाराची मिसा लावू."

तेव्हापासून दर रविवारी मास्तर त्याच सपाट आवाजात वाचतात, "इसिद्रा वेर्दान, जी जिवंत आहे, देवाचे आभार मानते आणि आपल्या मुलाला घरी बोलावते." पहिल्या खेपेला लोक हसले. दुसऱ्या खेपेला थोडे हसले. तिसऱ्या खेपेपासून कुणी हसत नाही. सिद्रा आता खांबाआड बसत नाही. पहिल्या बाकावर, कॅमेऱ्यापुढे बसते, सणाचं ते पिवळं पोलकं घालून. तास्यो सांगतो, मिसा बघणारी चाळीसेक माणसं असतात.

"त्यात समुद्रावरची किती?"

"ते दिसत नाही, आलिंग."

नाव आलं की ती उभी राहते. सगळ्या चर्चमध्ये एकटीच. चेहरा कॅमेऱ्याकडे उचलून धरते. मास्तर पुढचं नाव घ्यायला हल्ली थोडा उशीर करतात. मग ते घेतात, आणि ती खाली बसते.