ट्रंकेवरची थाप

विलासभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडशाला आमच्या नाटक मंडळाच्या खोलीत हंगामाच्या तारखा लावत बसले होते. समोर मूल तालुक्यातल्या एका गावचे लोक होते आणि खलनायक विलासभाऊच पाहिजेत, असा त्यांचा हट्ट चालला होता. फोन ठेवला आणि मी तारखांची वही मिटली. ताप आला, डोळे पिवळे पडले, मूत्रपिंडं बंद झाली आणि नागपूरला पोचेपर्यंत माणूस हातचा गेला. उंदरांच्या लघवीतून होणारा ताप, असं डॉक्टर म्हणाले. तो धानाच्या बांधीत, शेतात साचलेल्या पाण्यातून आला की घरातून, ते मात्र सांगता येत नाही म्हणाले. मला त्यांची ट्रंक आठवली.

विलासभाऊ शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि हिवाळ्यात आमच्या मंडळात खलनायक व्हायचे. बायाबापड्या त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या, आणि हा माणूस मात्र रंगवलेल्या तोंडानं मागच्या बाजूला बसून कुणाच्या तरी मुलीला पाखरांची घरटी समजावत असायचा. त्यांची एक खोड होती. ट्रंक उघडण्याआधी झाकणावर थाप मारायची, कान लावायचा, थांबायचं आणि मगच कडी काढायची. आत सासूबाई झोपल्यात का, म्हणून आम्ही चिडवायचो.

खोड लागायला कारण होतं. आमच्या या धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत, सगळीच मंडळं दिवे आणि सामान धक्क्यानं फुटू नये म्हणून पेट्यांमध्ये तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरतात. आम्ही ते रेल्वेजवळच्या एका तांदळाच्या गोदामातून आणायचो, आणि गावात पोचलो की झटकून टाकायचो. एका खेळाच्या तयारीत त्या तणसातून जाडजूड उंदीर उडी मारून निघाला. कुणीतरी काठी घातली. सगळे म्हणाले, घूस आहे. विलासभाऊंनी मेलेला उंदीर उलटसुलट करून पाहिला. कान बारीक, शेपूट अंगापेक्षा आखूड. हा आपल्याकडचा नाही, बंदराकडचा आहे, मालगाडीतून आला असेल, म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी संवाद दोनदा चुकवले.

"एका उंदराचं एवढं काऊन घेऊन बसले, भाऊ?" मी विचारलं.

"एकटा आला तं मरते, बाई. पण आपण दर खेळाले तणस भरतो, दर गावात झटकतो. आपणच त्याले पुन्हा पुन्हा आणून सोडून राह्यलो. त्यात एखादी गाभण असली म्हंजे झालं."

मग त्यांनी एटापल्लीची गोष्ट सांगितली. तिथे नोकरीला असताना कुणीतरी हौसेनं पाळलेले पांढरे ससे रानाकडेला सोडले होते. कोवळं गवत खाणारे, लांबून दिसणारे. कुत्र्यांनी आठवडाभरही राहू दिले नाहीत. हा उंदीर तसा नाही, म्हणाले. साबणापासून धानापर्यंत काहीही खातो, बिळाला भिंत चालते, गटारही चालतं, आणि आपलं मांजर त्याला पाहून मागे सरतं.

"नव्या जागी टिकाले ताकद नाई लागत," ते म्हणाले. "आपल्या ताटातलं खाता आलं पाह्यजे."

त्यांच्यापुढे कुणाचं चालायचं नाही. तणस बंद झालं, जुन्या गोधड्या आल्या, पेट्या उन्हात उघड्या पडू लागल्या. पण त्यांची स्वतःची ट्रंक त्याआधीच, दोन खेळांमधल्या सुट्टीत, घरी जाऊन आली होती. तिच्यातलं तणस चांगलं होतं. फेकायचं जिवावर आलं, म्हणून त्यांनी ते गोठ्यात गाईपुढे टाकलं. आमच्याकडे तणस कुणी वाया घालवत नाही. पुढच्या पावसाळ्यात मांजरानं त्या गोठ्यात जाणं सोडलं.

हे त्यांनी मला शेवटच्या भेटीत सांगितलं. हातातला चहा तसाच निवत होता. "बाई, त्यायचं बिऱ्हाड मीच पोचवलं," म्हणाले. "पिंजरे लावले, औषध टाकलं. आता हे गाव त्यायचं बी हाये." असा हरलेला आवाज मी रंगमंचावरही त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मला भीती वाटली, आणि ती लपवायला मी हसले.

विलासभाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले तेव्हा जेवणं झाल्यावर त्यांच्या पत्नी, मंदाताई, मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. ट्रंक तिथेच होती, धान साठवायच्या ढोलीला टेकून. खेळाला लागेल, घेऊन जा, म्हणाल्या. मी खाली बसले. हात आपोआप उचलला गेला. झाकणावर थाप मारली, कान लावला, थांबले... आत काहीच हालचाल नव्हती. कडी काढली. काळा अंगरखा, नकली मिशा, वाळलेला कडुनिंबाचा पाला. एक धागासुद्धा कुरतडलेला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

तेवढ्यात मागच्या ढोलीत खुडबुड झाली. भर दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना. मी दचकून मंदाताईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही, अंगरख्याची घडी नीट करत राहिल्या.

"राह्यतेत ते तिथी," त्या म्हणाल्या.

खुडबुड थांबली नाही. मी ट्रंकेचं झाकण लावलं. उंदरांना आता तिची गरज उरली नव्हती.