मुखेडच्या वाचकांचं म्हणणं

माझ्या बायकोच्या मामांनी माझी कादंबरी जितक्या वेळा परत केली, तितक्या वेळा जगातल्या कोणत्याही प्रकाशकानं केली नसेल. तीही छापून झाल्यावर, स्वतः विकत घेतल्यावर, आणि दर वेळी मुखेडहून लातूरला जातीनं घेऊन येऊन. नाराज वाचक सगळ्याच लेखकांना असतात. पण नाराजी पोचती करायला अहमदपूर-चाकूर करत एसटीतून येणारा वाचक माझ्याच नशिबी आला.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. माझी तिथे बदली झाली तेव्हा आमच्या कचेरीत माणसं आली होती, टेबलं यायची होती. टेबल नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर बसून मी ‘बुरुजावर गुलाब’ ही ऐतिहासिक प्रेमकथा लिहून काढली. इतिहास त्यात बेताचाच. एक गड होता, किल्लेदाराची खट्याळ लेक केतकी होती, तिच्यावर भाळलेला रणधीर नावाचा सरदार होता, आणि दर दोन प्रकरणांनी कुणीतरी चुकून दुसऱ्याच्याच पालखीत बसत होतं. नांदेडच्या एका प्रकाशकानं ती काढली. लोक हसत होते, मी खुशीत होतो, आणि मग मामांनी ती वाचली.

मामांचं मुखेडच्या बाजारात कापडाचं दुकान. शिक्षण निझामाच्या राज्यात, उर्दूतून. मराठी अक्षर त्यांनी मोठेपणी धरलं, त्यामुळे वाचताना ओळीवर बोट आणि आवाज टिपेला. “मनात वाचलं की मला समजत न्हाई,” असं ते सरळ सांगत. म्हणून त्यांच्या गल्लीत दुसरं कुणी पेपर विकत घेत नसे. समोरच्याशी बोलताना त्याच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून पोत बघायची त्यांना सवय होती. साहेब असो की जावई, बाही सुटत नसे. आणि त्या वर्षी पावसाचा पत्ता नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या, तरी मामांच्या काखेत छत्री असेच. कुणी हसलं तर म्हणत, “आला तर?”

मामींशी मात्र त्यांना बोलताना आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं. भांडण मुळीच नव्हतं. त्या पिढीत चारचौघांत बायकोशी बोलणं म्हणजे काहीतरीच, आणि मामांच्या घरी चारचौघं कायमचीच. मामा ओसरीत बसून खुंटीकडे बघत म्हणायचे, “चहा झाला असंल तर बरं.” मग आतून चहा यायचा. मामींना काही विचारायचं असलं तर त्या मांजराला विचारायच्या. मांजर नसलं तर उंबऱ्याला.

तर मामा पहिल्यांदा आले ते उन्हानं लाल होऊन. तांब्याभर पाणी प्याले, वर्तमानपत्रात गुंडाळलेली कादंबरी माझ्यासमोर ठेवली आणि माझी बाही धरली.

“जावईबापू, वाचकांचं म्हणणं हाय.”

“कोण वाचक?”

“हायत. रणधीर सकाळी निघला आन् सांजच्याला गडावर पोचला. मधी घोड्याला पाणी कुठं पाजलं?”

“मामा, तो प्रेमात आहे.”

“त्यो हाय. घोडा कुठं हाय?”

मला खरं म्हणजे राग यायला हवा होता, पण ‘वाचक’ या शब्दानं मी विरघळलो. मामांच्या दुकानाच्या पायरीवर जमलेले गुरुजी, आडते, पेन्शनर माझ्या डोळ्यांसमोर आले. मुखेडात एवढा मोठा वाचकवर्ग जमला, हे मी कचेरीत दोघातिघांना सांगूनही टाकलं.

वाचकवर्ग मात्र भलताच चिकित्सक निघाला. केतकी भर चैत्रात जरीचा शालू नेसून बागेत हिंडते, तिला घामोळं कसं येत नाही? तिसऱ्या प्रकरणात अख्खं लष्कर जेवून उठलं, त्या भाकऱ्या कोण थापत होतं, आणि भांडी कुणी घासली? लातुरात माझा छोटासा सत्कार झाला, तेव्हा अध्यक्ष केतकीच्या कमळांच्या तळ्यातल्या जलक्रीडेचं रसाळ वर्णन करत असताना मागच्या रांगेतून छत्री वर झाली.

“ते तळं कुठल्या गावाला हाय तेवढं सांगा,” मामा म्हणाले. “आमच्याकडं टँकरची वाट बघून राहिलेत लोक. वाचक घागरी घेऊन निघायला तयार हायत.” सभेनं एवढ्या टाळ्या माझ्यासाठी वाजवल्या नव्हत्या.

या सगळ्या हरकती मी हसण्यावारी नेल्या. एक मात्र पिच्छा सोडेना. पहिल्या प्रकरणात केतकीच्या आईला ताप येतो. आई अंथरुणावर असल्याशिवाय केतकी बागेत एकटी जाणार कशी आणि रणधीरला भेटणार कशी, म्हणून मी तो आणला होता. पुढे पालख्यांच्या गर्दीत आई माझ्या डोक्यातूनच गेली. लग्न झालं, कादंबरी संपली, आई तापातच.

“वाचक विचारून राहिलेत,” मामा दर खेपेला म्हणत, “ती बाई उठली का न्हाई?”

“उठली असेल की, मामा.”

“असंल म्हणून कसं भागंल? तुमचं काम झालं, आन् तिला तशीच टाकून दिली व्हय?”

उन्हाळा संपत आला तेव्हा निरोप आला की मामी आजारी आहेत. टँकरच्या पाण्यानं गावात टायफॉइड पसरला होता. मी आणि बायको पहिल्या गाडीनं निघालो. मुखेडला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दार उघडं होतं आणि आतून मामांचा टिपेचा आवाज येत होता: “रणधीरानं केतकीचा कोमल हस्त हाती घेतला...” आम्ही ओसरीतच थबकलो. आत बाजेवर मामी होत्या, वाळून काडी झालेल्या. उशाशी मामा, मांडीवर माझी कादंबरी, ओळीवर बोट. खुंटी नाही, मांजर नाही, मधे कुणीच नाही.

“हात सोड म्हणावं आधी,” मामी क्षीण आवाजात म्हणाल्या. “घोडा बांधलाय का त्यानं?”

“बांधला असंल.”

“आन् ती आई? उठवली का जावयांनी?”

“सांगितलंय त्यांना,” मामा म्हणाले. “कचेरीतला माणूस हाय. टाइम लागतो.”

माझा अख्खा वाचकवर्ग त्या बाजेवर पडला होता. मामींना अक्षरओळख नव्हती, आणि मामांना मनात वाचता येत नव्हतं.

आम्हाला बघताच मामा ताडकन उठले, खुंटीकडे बघत म्हणाले, “पाव्हणे आले,” आणि मला बाहेर घेऊन आले. बाही धरली, पण पोत बघत नव्हते, नुसती धरून होते.

“डॉक्टर म्हणतो, आता वर येनं तिच्या हातात हाय. पन ती म्हणून राहिली, त्या बाईचं झालं तसंच माझं. बापू, बाकी घोडाबिडा जाऊ द्या. त्या बाईला आज उठवा.”

एवढ्या घाईनं आणि एवढा घाबरून मी कधी काही लिहिलेलं नाही. ओसरीत बसून, कापडाच्या गठ्ठ्याच्या कागदावर. मामांनी आत जाऊन ते मोठ्यानं वाचलं: ताप उतरला, किल्लेदारीणबाई उठून बसल्या, त्यांनी चांदीच्या वाटीत गुलकंद मागवला.



“तापातून उठल्यावर गुलकंद?” मामी म्हणाल्या. “आंबील द्या म्हणावं तिला. ज्वारीची, पातळ.”

मी गुलकंद खोडून आंबील केली. मामींनी ते पुन्हा वाचायला लावलं, आणि मग स्वतःही वाटीभर घेतली. पुढे त्या बऱ्या झाल्या त्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी, हे मलाही कळतं. पण दुसऱ्या आवृत्तीत तो मजकूर तसाच आहे, आणि माझ्या सगळ्या लिखाणात मला तेवढाच आवडतो.

त्यानंतर मामी पुष्कळ वर्षं होत्या आणि माझं प्रत्येक पुस्तक मुखेडहून परत येत राहिलं. त्या गेल्या त्याच्या पुढच्या हिवाळ्यात माझी नवी कादंबरी निघाली. मामा आले. छत्री होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक होतं. त्याचा कागद त्यांनी सोडला नाही, पुस्तक मांडीवरच ठेवलं. मी सवयीनं विचारून गेलो, “काय म्हणणं आहे वाचकांचं?”

मामांनी माझी बाही दोन बोटांत धरली आणि पोत बघत राहिले.

“समदं मोठ्यानं वाचलं,” ते म्हणाले. “कोनी काईच म्हनलं न्हाई.”