डेव्हरिक्स आणि देवरुखकर

लिक्सलिपच्या दवाखान्यात रिसेप्शनवरच्या मुलीनं नाव पुकारलं आणि दोन म्हातारे एकदम उठून उभे राहिले.

त्यातले एक मोरेश्वर देवरुखकर. वय एकोणसत्तर, राहणार पुणे, भूमी अभिलेख खात्यातून भूमापक म्हणून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यानंतर लेकीनं, केतकीनं, तीन महिन्यांसाठी आपल्याकडे आयर्लंडला बोलावून घेतलं होतं. ती इथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. सकाळी सातला ती बाहेर पडली, की मोरेश्वरराव दिवसभर खिडकीतून शेजाऱ्याचं कुंपण कुठे तिरकं गेलंय ते बघत बसत. आज रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला एकटेच चालत आले होते.

दुसरा म्हातारा उंच, लालबुंद गालांचा, हातात चपटी टोपी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"डेव्हरिक्स," मुलगी हसत पुन्हा म्हणाली.

"मला 'देवरुख' ऐकू आलं," मोरेश्वरराव ओशाळून म्हणाले.

"तेही चाललं असतं," म्हातारा म्हणाला. "तुमची घाई असेल तर तुम्ही डेव्हरिक्स व्हा. मी ग्रँड आहे, एकदम मजेत, मला कसलीच घाई नाही."

तपासून झाल्यावर तो बाहेर बाकावर थांबला होता. नाव मोग. ते ऐकताच मोरेश्वरराव खो खो हसायला लागले, तसा त्याच्या भुवया वर गेल्या.

"माफ करा हं. मी चार वर्षं सावंतवाडीला नोकरीत होतो. तिथून खाली गोव्याकडे गेलं की मोग म्हणजे प्रेम."

म्हाताऱ्याचे गाल आणखी लाल झाले. "आमच्या वेक्सफर्डात ते एका संताचं नाव आहे. ऐंशीला टेकलो, पण माझ्या नावाबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं."

त्या दिवसापासून रोज अकरा वाजता दोघं कालव्याच्या काठानं चालू लागले. मोगची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलं कॅनडात. आयुष्यभर त्यानं पावाची गाडी चालवलेली, त्यामुळे परगण्यातलं प्रत्येक दार आणि प्रत्येक कुत्रं त्याच्या ओळखीचं. तरी इथले लोक त्याला अजून 'ब्लो-इन' म्हणत. वाऱ्याबरोबर उडून आलेला.

"बावन्न वर्षं झाली इथं येऊन," मोग म्हणाला. "आणि वेक्सफर्डात तरी आम्ही कुठे मूळचे? तिथं येऊन साडेआठशेच वर्षं झाली."

मग त्यानं आडनावाची गोष्ट सांगितली. फ्रान्सात, नॉर्मंडीत, एव्ह्रू नावाचं गाव आहे. तिथलं कोणी नॉर्मन सैन्याबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरलं. त्याची नातवंडं-पतवंडं वेल्सच्या सरहद्दीवर राहिली, आणि तिथून पुन्हा गलबतात बसून वेक्सफर्डला आली. आले तेव्हा चिलखत घालून घोड्यावर होते. पुढं चिलखत गेलं, घोडा गेला, मोगच्या आजोबांपाशी एक गाढव तेवढं उरलं. आडनाव मात्र टिकलं. फ्रेंच माणूस त्यातला शेवटचा 'एक्स' गिळतो, 'देव्ह्रो' म्हणतो. वेक्सफर्डचा माणूस तो चांगला चावून म्हणतो, डेव्हरिक्स.

"म्हणजे एव्ह्रूचे ते डेव्हरिक्स?" मोरेश्वरराव चालता चालता थांबलेच. "अरे, मग तू एव्ह्रूकर! मी देवरुखचा म्हणून देवरुखकर. आमच्याकडे निम्मी आडनावं अशीच असतात."

"मग तुझं गाव कसं आहे?"

मोरेश्वरराव जरा घुटमळले. "एकदाच गेलो होतो, मोजणीच्या कामाला. आमचे पणजोबाच तिथून निघाले होते. मी एसटी स्टँडवर चहावाल्याला विचारलं, इथं देवरुखकर कुठे राहतात? तो म्हणाला, इथं कशाला राहतील? इथं सगळे शिंदे, जोशी, गुरव. जे इथून गेले ते देवरुखकर."

मोगनं टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "निकीला हे ऐकवायला हवं होतं."

निकी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. हळूहळू सगळं बाहेर आलं. निकीनं किलमोरच्या समुद्राकाठी, वडिलांच्या घरात, पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आणि दारावर फ्रेंच वळणाची मोठी पाटी लावली. आलेल्या-गेलेल्याला तो नाव सांगायचा 'देव्ह्रो'. मोगनं चारचौघांत त्याची टर उडवली: "गाढवामागं चालणारे आजोबा वरून ऐकतायत रे!" निकी म्हणाला, तुला आपल्या घराण्याची लाज वाटते. मोग म्हणाला, लाज तुला वाटते, म्हणून तू 'एक्स' गिळलास. त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत नाताळचं कार्डसुद्धा नाही.

मोरेश्वररावांना हसू आलं नाही. वीतभर बांधासाठी एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ त्यांनी छत्तीस वर्षं पाहिले होते. त्यांचा एक शिरस्ता होता: मोजणीला गेलं की साखळीचं एक टोक एका भावाच्या हाती द्यायचं, दुसरं दुसऱ्याच्या. मग दोघांना एकमेकांकडे बघावंच लागतं.

"आजोबांचा काही कागद आहे?" त्यांनी विचारलं.

"कागद कसला? थडग्यावर नावसुद्धा नाही. नुसता लोखंडी क्रूस."

त्या संध्याकाळी त्यांनी केतकीला कामाला लावलं. जुन्या जनगणनेचे फॉर्म इथं कोणालाही संगणकावर बघता येतात, अगदी ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात. दोन वेगवेगळ्या सालचे फॉर्म सापडले, १९०१ आणि १९११. केतकीला ती अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय वाटले. पण मोरेश्वररावांचा जन्म असल्याच कागदांत गेला होता. त्यांनी भिंग मागवलं. तासाभरानं त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. उद्या-परवा गाडी काढशील का? वेक्सफर्डला जायचंय. आणि मोगला आत्ताच काही सांगू नकोस."

शनिवारी केतकीनं गाडी काढली. मोग मागच्या सीटवर, दोन तास गुडघ्यावरची टोपी फिरवत. किलमोरला गवती छपरांची पांढरी घरं दिसायला लागली तसा म्हणाला, "मी गाडीतच बसतो."

"बस की," मोरेश्वरराव म्हणाले. "पण कागद मी दोघांसमोरच वाचणार. एकट्या निकीला दाखवणार नाही."

निकी दारातच उभा होता. तोच चेहरा, फक्त बुटका. केतकीनं फोन करून ठेवला होता, त्यामुळे तो दाढी करून, टाय लावून तयार. दोघा भावांनी हवापाण्याबद्दल दोन वाक्यं टाकली आणि टेबलाच्या दोन टोकांना बसले. मोरेश्वररावांनी पहिला कागद मोगच्या हाती दिला, दुसरा निकीच्या.

"मोग, तुझा १९०१चा. हा तुमच्या आजोबांनी लिहिलेला नाही, जनगणनेला आलेल्या पोलिसानं लिहिलाय. आडनाव कानाला ऐकू आलं तसं. वाच."

"डेव्हरिक्स!" मोग गरजला. "क आणि स लावून! काय म्हणत होतो मी?"

"आता खाली बघ. सही कुठे आहे?"

मोगनं कागद डोळ्यांजवळ नेला. सहीच्या जागी नुसती एक फुली होती. आणि शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं: वाचता येत नाही.

"हे आम्हाला कोणी सांगितलं नाही," निकी हळूच म्हणाला.

"निकी, आता तुझा. दहा वर्षांनंतरचा. हा पोलिसाच्या हातचा नाही."

निकीच्या कागदावरची अक्षरं वेडीवाकडी, एकेक सुटं कोरल्यासारखं होतं. आडनावात एका ठिकाणी तीनदा खोडलेलं. पण शेवटी पूर्ण उतरलेलं, फ्रेंच वळणाचं, एकूण एक अक्षर जागच्या जागी, शेवटचा 'एक्स'सुद्धा. आणि शिक्षणाच्या रकान्यात त्याच हातानं: लिहिता-वाचता येतं.

"शेहेचाळिसाव्या वर्षी," मोरेश्वरराव म्हणाले. "आणि घरात शाळेत जाणारी एकच मुलगी दिसते. ब्रायडी, वय अकरा."

"ब्रायडी आत्या!" दोघं भाऊ एकदम ओरडले. त्यांना अक्षरं गिरवायला तिनंच शिकवलं होतं. चूक झाली की लाकडी चमचा बोटांवर. त्याच चमच्यानं तिनं आपल्या बापालाही शिकवलं असणार, हे दोघांच्या एकाच वेळी ध्यानात आलं आणि दोघं असे काही हसत सुटले, की मोगला ठसका लागला. निकी उठला, पाण्याचा ग्लास घेऊन टेबलाच्या या टोकाला आला आणि परत गेलाच नाही. भावाच्या पाठीवर थापट्या मारत तिथंच उभा राहिला.

"बोलायचे डेव्हरिक्स," मोग डोळे पुसत म्हणाला, "आणि लिहायचे देव्ह्रो. आपण दोघंही गाढव."

"तू जास्त," निकी म्हणाला.

त्या उन्हाळ्यात मोग चार वेळा किलमोरला गेला. भावांनी आजोबांसाठी शाळेतल्या पाटीच्या काळ्या दगडाची लहानशी लादी घडवून घेतली; तिच्यावरचं आडनाव १९११च्या कागदावरून, त्याच वेड्यावाकड्या वळणात उतरवलेलं. ऑगस्टात तिकडे 'पॅटर्न' असतो, म्हणजे एका रविवारी गावोगाव पांगलेले नातेवाईक जमून आपापली थडगी साफ करतात, फुलं लावतात, प्रार्थना म्हणतात. नाव पॅटर्न, पण थाट जत्रेचा. मोरेश्वरराव परत निघण्याच्या आठच दिवस आधी तो आला, आणि आपण नाही तर कोण, म्हणून ते केतकीला घेऊन हजर झाले.

चाळीस-पन्नास डेव्हरिक्स गोळा झाले होते. एका जाडजूड बाईनं मोरेश्वररावांना आपादमस्तक न्याहाळलं. "आणि तुम्ही आमच्या कुठल्या शाखेतले?"

"पूर्वेकडच्या," मोगनं परस्पर सांगून टाकलं.

बाईनं मान डोलावली, तिला ते पटलं असावं. तिनं त्यांच्या हातात सँडविचची बशी दिली. मोरेश्वररावांनी कोणाचं लक्ष नाही असं बघून आतलं हॅम काढलं, निकीच्या कुत्र्याला घातलं, आणि पाव चहात बुडवून मजेत खाल्ला.