वॉलमनची आळी

सावळारामच्या हातात पाण्याची चावी होती, म्हणजेच शिरूरच्या खालच्या अंगाची सगळी ओरड त्याच्या डोक्यावर होती. चावी खिशात मावणारी नव्हे. छातीएवढी उंच लोखंडी कांब, वर आडवी मूठ. ती खड्ड्यातल्या वॉलवर, म्हणजे पाइपाच्या झडपेवर बसवायची आणि फिरवायची. एका आळीचं पाणी बंद, दुसरीचं चालू. कुणाला एक हंडा कमी पडला की लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

त्यातून तो स्वतः राहायला विहीर आळीत. कामाला लागला तेव्हाच कुणीतरी चारचौघांत म्हणालं होतं, "आता काय, वॉलमनची आळी! हिथं नदीच वाहणार." माणूस भलता मानी. ते बोलणं त्याला असं झोंबलं, की तेव्हापासून सगळ्यात आधी पाणी बंद व्हायचं ते त्याच्याच आळीचं. आता बोला म्हणावं! आणि खरंच कुणी बोललं नाही. याचा त्याला कोण अभिमान!

यंदा त्याच आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी शेजारच्या गिताबाईच्या घरात, मग पलीकडे, आणि मग त्याची नात अपेक्षा. दौंडहून आजोळी मजा करायला आलेली पोर दवाखान्यात सलाइन लावून पडली. "आबा, पाणी," ती सुकल्या ओठांनी सावळारामला म्हणाली. मागून मागितलं काय, तर पाणी! आणि तेही त्याच्याकडं!

तिथून त्याला चैन पडेना. दवाखान्यात बसवेना, घरात थांबवेना. आळीतल्या लोखंडी लाइनवरूनच गटार जातं, एखादा जॉइंट कुजला असणार, हे पाणीपुरवठ्याच्या साहेबांनीही सांगितलं आणि त्यालाही दिसत होतं. पण शेजारच्या आळ्यांत लाइन तेवढीच जुनी, गटारही तसंच. मग पोरं आजारी पडतात ती इथंच का?

सकाळी पाणी सुटलं तसा तो नळापाशीच ठाण मांडून बसला. पहिला हंडा स्वच्छ. दुसराही स्वच्छ. तो उठला, नेहमीप्रमाणे कोपऱ्यावर जाऊन वॉल बंद करून आला. शेवटची कळशी अजून भरत होती. ओंजळ नाकाशी नेली तर गटाराचा भपकारा.

"वॉल बंद केला तरी पानी येतंय कसं गं?" त्यानं बायकोला विचारलं.

धुरपदानं पिंपामागचं पोतं बाजूला केलं. पोत्याखाली मोटर घुरघुरत होती.

"आपल्या घरात मोटर? मी लोकांच्या जप्त करतो आन् तू..."

"सगळ्या आळीत हाय," धुरपदाचाही आवाज चढला. "तुम्ही आपलंच पानी आधी दाबता. दोन हंडे भरस्तवर नळ सुसू करतो. बायकांनी काय करावं? उरलंसुरलं वढून घेत्यात."

आता सावळारामला उमगलं. त्यानं वॉल बंद करायचा, लाइन रिकामी व्हायची, घराघरांतल्या मोटरी मात्र ओढतच राहायच्या. आत पाणी नाही म्हटल्यावर कुजक्या जॉइंटमधून ओढलं जायचं ते गटार. लोकांचं तोंड बंद ठेवायला त्यानं जे केलं, ते नातीच्या पोटात गेलं होतं. त्याला स्वतःचीच किळस आली.

घरची मोटर त्यानं आळीच्या मधोमध आणून आपटली. ते बघून एकेक करत बाकीच्या घरांतल्या मोटरीही बाहेर आल्या. गटाराखालचा जॉइंट उकरून बदलला. अपेक्षा सावरली, पण त्याची लेक सारिका तिला घरी घेऊन आलीच नाही. दवाखान्यातून थेट दौंडच्या गाडीत बसली, हातात विकतच्या पाण्याची बाटली. "आप्पा, राग नगा मानू," एवढंच म्हणाली. राग कसला मानतो तो!

दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं. बंद करायची नेहमीची वेळ झाली, टळली. सावळाराम वॉलपाशी चुळबुळत उभा होता. हात सवयीनं मुठीकडे जात होता. तेवढ्यात वरच्या आळीतून आरोळी आलीच, "चालू द्या, चालू द्या! वॉलमनची आळी हाय ना ती!"

त्याचे कान तापले. त्यानं चावी वॉलवरून उपसली, जमिनीवर आडवी टाकली आणि तिच्यावरच बूड टेकलं.

"व्हय," तो ओरडून म्हणाला, "माझीच हाय!"