खांबावरची निळी रेघ

माझी मामी मोटारसायकलची उंची लावते. लांबच्या प्रवासाच्या, दोन्ही बाजूंना पेट्या असलेल्या अवजड गाड्यांना हल्ली पुढे मोठं चाक बसवून घ्यायची हौस आहे. चाक मोठं झालं की गाडीचं नाक वर जातं, गाडी मागे रेलते आणि सावकाश वळताना हँडल एका बाजूला कलंडायला बघतं. मग पुढचं चाक धरणाऱ्या काट्याच्या नळ्या त्यांच्या पकडीतून वर सरकवून नाक खाली घ्यायचं आणि मागच्या शॉकअपची हवा त्याला जुळवायची. चाक बसवतो माझा धाकटा मामा. उंची लावते मामी. वर्कशॉप एक, लिफ्ट एक, आणि दोघांमध्ये विस्तव जात नाही.

मोठा मामा, म्हणजे मामीचा नवरा, होता तोवर या दोघांच्या मध्ये तो उभा असायचा. तो गेल्यावर धाकट्या मामानं गृहीत धरलं की वहिनी आता घरी बसणार. ती नवऱ्याची डांगरी घालून, बाह्या दुमडून हजर झाली.

"शटर नीट लागलंय का बघायला आलात का, वहिनी?"

"नाही भाऊजी. तुम्हाला उघडता येतं का ते बघायला आले."

मामी प्रेमळ बाई नाही, हे आधीच सांगते. पान्हा हातात देत नाही, टेबलावर आपटते. गिऱ्हाइकाला बसा म्हणत नाही. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यावर मी हौसेनं तिच्याकडे गेले तर म्हणाली, "शिकायला आलीस की शिकवायला? शिकवायचं असेल तर बाहेर बाकावर बस. तिथं भाऊजी बसतात." पण घरात ती कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी काकू होती. वर्कशॉपच्या गल्लीत मात्र लोक तिला उंचीवाली म्हणत, आणि ते नाव तिनं स्वतः मिळवलं होतं.

लिफ्टशेजारच्या लोखंडी खांबावर मोठ्या मामानं निळ्या रंगाची आडवी रेघ मारून ठेवली होती. गाडी खांबाला खेटून जमिनीवर उभी करायची, मालकाला वर बसवायचं. हँडल जिथं फ्रेमला बसतं त्या मानेची खालची कड रेघेला टेकली की पुढची उंची बरोबर. येणाऱ्या गाड्या एकाच जातीच्या, चाकंही एकाच मापाची, त्यामुळे टेप लागायचा नाही. मामी गुडघ्यावर बसायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "उतरा."

मग धाकट्या मामाला वर्कशॉपचं शोरूम करायची लहर आली. जुन्या कोब्यावर त्यानं पांढऱ्या चकचकीत टाइल्स घातल्या. मामीला विचारलं नाही. टाइल्स लावून झाल्यावर तो रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन खांबापाशी आला, तशी मामीनं त्याचं मनगट धरलं.

"त्या रेघेला हात लावायचा नाही."

"अहो वहिनी, ऐकून तर घ्या."

"अख्खं वर्कशॉप पुरत नाही का तुम्हाला? एवढी बोटभर जागा माझी राहू द्या."

धाकट्या मामानं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "राहू दे. आरती करत बसा तिची."

त्यानंतर गाड्या परत यायला लागल्या. पहिल्या गाडीच्या वेळी मामीनं मालकाच्या पोटावर खापर फोडलं. दुसऱ्या वेळी रस्त्यांवर. तिसरी गाडी दातांच्या डॉक्टरची होती आणि तो काटकुळा होता.

"खड्डा आला की पुढचं मडगार्ड फ्रेमला घासतं," तो म्हणाला. "माझ्या दवाखान्यातसुद्धा असा आवाज होत नाही हो!"

"वहिनींच्या हातचं काम," धाकटा मामा गोड आवाजात म्हणाला. "मी काय बोलणार?" डॉक्टर पाणी प्यायला गेल्यावर आवाजातली साखर संपली. "ही गाडी पुन्हा घासली तर लिफ्टची किल्ली माझ्याकडे द्यायची आणि घर गाठायचं. लेझरनं माप घेणारा मुलगा मी बघून ठेवलाय."

"मुलगा बघून ठेवलाय? लग्न कुणाचं आहे, भाऊजी?"

"हसा. किल्ली देणार का?"

"घासली तर देईन," मामी म्हणाली. पण डांगरीच्या खिशातली किल्ली तिनं मुठीत धरलेली मला दिसत होती.

तिनं डॉक्टरला गाडीवर बसवलं. मान रेघेवर अगदी बरोबर होती, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. मग ती काट्याकडे वळली. नळीचं टोक पकडीच्या वर नेहमी नखाएवढं दिसायचं. आज अख्ख्या अंगठ्याएवढं दिसत होतं. म्हणजे चाक फ्रेमच्या तेवढं जवळ आलं होतं. मग घासणार नाही तर काय होईल?

"इंजिनिअर," तिनं मला हाक मारली. "नळी एवढी वर का आलीय?"

"रेघेला आणायला तुम्हीच नाक तेवढं खाली घेतलंय म्हणून."

"रेघ तीच आहे. रेघ काय हलते?" असं म्हणता म्हणता तिची नजर खाली गेली. खांबाच्या पायाला ट्रॉली आपटू नये म्हणून पत्र्याचा पट्टा ठोकलेला होता. त्याला रिबिटांच्या दोन ओळी होत्या. मामी वाकली. आता एकच ओळ दिसत होती. खालची टाइलनं गिळली होती. जमीन वर आली होती आणि रेघ जागच्या जागी राहिली होती.

ती उठली तेव्हा तिचा चेहरा जुन्या कोब्याच्या रंगाचा झाला होता.

"तुम्हाला माहीत होतं, भाऊजी."

"मी रेघ वर घ्यायलाच आलो होतो. हात कुणी धरला?"

"आणि नंतर? गाड्या परत येत होत्या तेव्हा तोंड नव्हतं तुम्हाला?"

"तुम्ही मला ऐकून घेत नाही, वहिनी. मग मी सांगत नाही." त्यानं फडताळातून डबा काढला. "आहे अजून रंग. घेऊ वर?"

गाडीवरून उतरावं की नाही हे डॉक्टरला कळेना. मी मनात म्हणत होते, घे ना बाई, एका ब्रशचं काम आहे. मामीनं डब्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. मग डॉक्टरला उतरवलं, गाडी बाजूला घेतली, आणि छिन्नी-हातोडा आणला.

पहिली टाइल फुटली तेव्हा धाकटा मामा ओरडला, "अहो! काय करताय? नव्या आहेत त्या!"

"बोटभर जागा मागितली होती," मामी म्हणाली आणि दुसरीवर घाव घातला. "आता गाडीभर घेते."

तिनं खांबाशेजारी दोन्ही चाकं मावतील एवढी लांब पट्टी खालच्या सिमेंटसकट उखडली. खाली जुना कोबा निघाला, तेलाच्या डागांसकट. तिनं तो झाडला, गाडी त्यात उतरवली, डॉक्टरला पुन्हा बसवलं आणि नळ्या सैल केल्या. मान रेघेला आली तेव्हा नळीचं टोक पकडीवर नखाएवढं होतं. मागची हवा जुळवून ती म्हणाली, "उतरा. आणि तो बाहेरचा गतिरोधक आहे ना, त्याच्यावरून जोरात घाला."

डॉक्टर गेला. आम्ही दारात उभे राहिलो. गाडी उडाली, आपटली. आवाज आला तो फक्त पेट्यांचा. तो परत वळून आला, पुन्हा गेला. घासलं नाही.

धाकट्या मामानं किल्लीचं नाव काढलं नाही. मामीनं आधीच्या दोन्ही मालकांना फोन करून गाड्या बोलावून घेतल्या. चूक झाली असं म्हणाली नाही. "आणा, बघते," एवढंच.

तो खड्डा अजून तसाच आहे. चकचकीत टाइल्सच्या मधोमध हे काय, असं नवं गिऱ्हाईक विचारतं. धाकटा मामा बाकावरून म्हणतो, "वहिनींना विचारा." आणि मामी मान वर न करता सांगते, "भाऊजींनी फरशी घातलीय. तेवढी त्यांची राहिलीय नीट करायची."